मोठी इंटरनॅशनल स्पर्धा आली तर गावाला खरंच पैसा मिळतो का? (खोल्या वाढवू की नको)

आचरेकर_होमस्टे:

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या बाजूला आमचं छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, जेवण घरचंच, आई आणि बायको बघतात. सीझन म्हणजे दिवाळीची सुट्टी, नाताळ ते थर्टी फर्स्ट आणि मग एप्रिल-मे. जूनला पाऊस लागला की वॉटर स्पोर्ट्स बंद, होड्या वर ओढलेल्या, आम्ही पण ताडपत्री बांधून बसतो ते गणपतीपर्यंत. आणि गणपतीत जे येतात ते चाकरमानी, ते काय खोली भाड्याने घेत नाहीत, उलट आमच्याच गाद्या घेऊन जातात 😀

तर मागच्या आठवड्यात गावात पर्यटनवाल्यांची बैठक झाली. एकजण म्हणाला २०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला मिळालीच आहे, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी पण भारताने पत्र दिलंय, एवढं सगळं एका शहरात मावत नाही, समुद्रावरचे खेळ कुठल्यातरी किनाऱ्यावर द्यावेच लागतील, आपण आत्तापासून मागणी लावून धरू. कोण म्हणतो सेलिंग, कोण म्हणतो बीच व्हॉलीबॉल. कागद एक नाही, सगळं तोंडी. पण बैठकीनंतर दोघांनी पाया खणायला घेतला सुद्धा! आता माझ्या पण डोक्यात किडा शिरलाय की बँकेकडून ३५ लाख उचलावेत आणि अजून चार एसी खोल्या बांधाव्यात. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पावणो येवच्या आदी वडे तळूक घेव नको."

म्हणून विचारतो, ज्या ज्या शहरांनी ऑलिम्पिक वर्ल्ड कप वगैरे भरवले त्यांना पैसा मिळाला का बुडाले? टीव्हीवर तर दर वेळी सांगतात इतक्या हजार कोटींचा फायदा झाला, तो फायदा नेमका कोणाच्या खिशात जातो?

नेरूळचा_कणकवलीकर:

दादा मी चौदा वर्षं नेरुळला आहे, गॅलरीतून डी. वाय. पाटील स्टेडियमचे लाईट दिसतात, त्यामुळे हा तमाशा जवळून बघितलाय. २०१७ चा मुलांचा अंडर-१७ फुटबॉल वर्ल्ड कप, २०२२ चा मुलींचा, जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचे तीन दिवस आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरची आपल्या पोरींची क्रिकेट वर्ल्ड कप फायनल. त्या दिवशी पाऊस, मॅच दोन तास उशिरा सुरू, मध्यरात्र उलटून गेली तरी लोक रस्त्यावर नाचतायत, काय रात्र होती ती, अंगावर काटा येतो अजून.

पण पैशाचं विचाराल तर सांगतो. जर्सी आणि झेंडे विकणारे, गालावर तिरंगा काढणारे, स्टेशनबाहेरचा वडापाववाला आणि रिक्षावाले यांचा दिवस सोन्याचा. हॉटेलं फुल, ज्यांची आधीपासून होती त्यांचीच. आमच्या बिल्डिंगखालचा किराणावाला मात्र त्या दिवशी दुपारीच शटर ओढतो कारण रस्ता बंद, नेहमीचं गिऱ्हाईक येणार कुठून. आत स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही, आतला स्टॉल ज्याचा त्याचा पैसा. आणि मुद्दा असा की हे स्टेडियम कोणी वर्ल्ड कपसाठी बांधलेलं नाही, २००८ पासून उभं आहे, पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली. ते वर्षभर चालतं, त्यात कधीतरी वर्ल्ड कप येतो. तुमच्याकडे उलटं चाललंय.

अजून एक गंमत, २०२३ च्या वर्ल्ड कपला अहमदाबादच्या भारत-पाकिस्तान मॅचसाठी हॉटेलं इतकी महाग झाली होती की लोक फुल बॉडी चेकअपच्या नावाखाली हॉस्पिटलमध्ये रात्रीचे बेड बुक करायला लागले. म्हणजे एका रात्रीसाठी कोणी हॉटेल बांधलं नाही, लोकांनी जुगाड केला. तुमच्याकडे पण लोक गाडीतच झोपतील बघा.

बँकेतला_काका_रत्नागिरी:

मी ३१ वर्षं बँकेत काढली त्यातली निम्मी कर्ज खात्यात, त्यामुळे आधी हप्ता मग ऑलिम्पिक 🙂

३५ लाख, १० टक्के, १० वर्षं धरा. हप्ता ४६ हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाचे साडेपाच लाख. आता समजा स्पर्धा आली, १५ दिवस चालली, चारही नव्या खोल्या रोज भरल्या आणि अडीच हजाराची खोली तुम्ही साडेसात हजाराला दिलीत. ४ गुणिले १५ गुणिले ७५००, साडेचार लाख होतात. देव पावला तरी एका वर्षाचा हप्ता निघत नाही, आणि हे जेवणखाण, लाईट बिल, धोब्याचे पैसे न धरता. एरवीच्या दिवसात सगळा खर्च जाऊन खोलीमागे दीड हजार हातात राहत असतील तर साडेपाच लाखाला ३७० रात्री लागतात, म्हणजे प्रत्येक नवी खोली वर्षाला नव्वदच्या वर रात्री भरायला हवी. आत्ताच्या चार खोल्या किती रात्री भरतात? वही काढा आणि बघा, अंदाजाने सांगू नका, कर्ज मागायला येणारे सगळे अंदाजाने "वर्षभर फुल असतं" सांगतात.

आता शहरांचं. सगळ्यात जुना धडा मॉन्ट्रियलचा, १९७६. तिथला महापौर म्हणाला होता की पुरुषाला जसं मूल होऊ शकत नाही तसा ऑलिम्पिकला तोटा होऊ शकत नाही. त्या स्टेडियमचं कर्ज फिटलं २००६ ला, तीस वर्षांनी, आणि ते फेडायला सिगारेटवर कर लावला होता. म्हणजे स्पर्धेच्या वेळी जन्मलेलं पोर तिशीत पोचून सिगारेट ओढत होतं तेव्हा त्या धुरातून स्टेडियमचा हप्ता जात होता.

उलट उदाहरण लॉस एंजेलिस १९८४. मॉन्ट्रियलचं बघून बाकी शहरं घाबरली, मागणीला हे एकटंच उरलं, त्यामुळे अटी घालायची ताकद यांच्याकडे आली. मुख्य स्टेडियम वापरलं ते १९३२ च्या ऑलिम्पिकचंच, खेळाडूंना ठेवलं विद्यापीठांच्या होस्टेलात, आणि शेवटी २० कोटी डॉलरच्या वर शिल्लक राहिली. बांधलं कमी म्हणून उरलं, त्यात जादू काही नाही.

आपलं दिल्लीचं २०१० चं कॉमनवेल्थ तर सगळ्यांना माहीत आहे. कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांनी, नंतर खर्चाचा जो आकडा दिला तो अठरा हजार कोटींच्या वर. त्यात एक गोष्ट मला फार मजेशीर वाटते, विमानतळाची मेट्रो लाईन खेळांसाठी म्हणून बांधायला घेतली आणि सुरू झाली फेब्रुवारी २०११ ला, खेळ ऑक्टोबरमध्येच संपलेले. खेळांना तिचा उपयोग शून्य, पण आज रोज माणसं तिच्यातून जातायत. म्हणून कोणी "हजारो कोटींचा फायदा" म्हणाला की मी विचारतो, त्यातलं किती खेळ नसते तरी बांधावंच लागलं असतं?

आणि तो फायद्याचा आकडा काढतात कसा ते सांगतो. २०२३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपने भारताला १.३९ अब्ज डॉलरचा फायदा झाला असा अहवाल आयसीसीनेच काढून घेतला होता, म्हणजे नवरीची स्तुती नवरीच्या आईकडून. असल्या हिशोबात प्रेक्षकाने हॉटेलात, रिक्षात, जेवणावर केलेला खर्च धरतात. पण पुण्याचा माणूस मॅचला मुंबईत पाच हजार खर्च करतो तेव्हा तेच पाच हजार त्याने कदाचित दिवाळीत तुमच्याकडे खर्च केले असते. देशाच्या हिशोबात ते नवे पैसे नाहीत, एका खिशातून दुसऱ्या खिशात. आणि टीव्हीचे हक्क, मोठ्या जाहिराती, तिथला मलईचा वाटा फिफा किंवा ऑलिम्पिक समितीकडे जातो, फिफा तर यजमान देशाकडून करमाफी पण लिहून घेते.

तुम्ही आचऱ्याचे म्हणून अजून एक. तुमच्याकडे दर काही वर्षांनी सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं ना, तशी लंडनला २०१२ च्या ऑलिम्पिकला चक्क गावपळण झाली! गर्दी होणार, महाग होणार म्हणून नेहमीचे टूरिस्ट आलेच नाहीत आणि तिथले लोकही घरी बसले नाहीतर बाहेर गेले, नाटकवाले आणि टॅक्सीवाले ओरडत होते धंदा कुठाय. ऑगस्टमध्ये परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी आले. तुमची स्पर्धा नाताळात आली तर तुमचे दर वर्षीचे पाहुणे गोव्याला किंवा गणपतीपुळ्याला जातील, आणि एकदा तिकडची सवय लागली की परत येतीलच असं नाही.

स्कूबा_मालवणी:

काका तुमचा मान राखून बोलतो पण नेहमी असंच होतं. कोकणात काही येणार म्हटलं की आधी दहा जण नको म्हणायला उभे.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकचं सर्फिंग कुठे झालं माहितीय? ताहितीला! पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरवर, एक छोटं गाव, समोर कोरल आणि लाट. सेलिंग मार्से शहरात. मग आमच्या किनाऱ्याला का नाही मिळणार कधीतरी? बार्सिलोना बघा, जिथे कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते तिथे १९९२ च्या निमित्ताने समुद्र लोकांसाठी मोकळा केला, वाळू आणून बीच बनवला. आणि ओडिशा? राउरकेलाला २०२३ च्या हॉकी वर्ल्ड कपसाठी वीस हजारांचं स्टेडियम उभं राहिलं, विमान पण त्याच वेळी सुरू झालं, आणि तो भागच असा की पोरं काठीने हॉकी खेळत मोठी होतात, दिलीप तिर्की तिथलाच. तिथे स्टेडियम वाया जाणार नाही. आमच्या पोरांना पण पाणी जन्मापासून माहीत आहे, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, मी तिथूनच शिकलो, नाहीतर आज मुंबईला कुठेतरी वॉचमन असतो. सगळं हप्त्यात मोजू नका.

म्हापशेकर:

@स्कूबा_मालवणी ताहितीचं अर्धंच सांगितलंस रे भावा. तिथले सर्फर राहिले कुठे? जहाजावर! अरानुई ५ नावाचं क्रूझ जहाज आणून उभं केलं आणि खेळाडू त्यात. आणि पंचांसाठी ॲल्युमिनियमचा नवा टॉवर कोरलवर बांधणार म्हणून गावच्याच लोकांनी आणि मच्छीमारांनी आंदोलन केलं, मग तो छोटा करावा लागला. तुमच्याकडे पण रापणवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, गप्प बसतील असं वाटतं का? पंधरा दिवस किनारा बंद म्हणजे त्यांची रापण बंद.

आमच्या गोव्यात हे सगळं होऊन गेलंय. लुसोफोनी गेम्स, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांचे, व्हायचे होते २०१३ ला, मैदानं तयार नाहीत म्हणून जानेवारी २०१४ ला झाले. कोणाला आठवतात का आज? नॅशनल गेम्स तर इतक्या वेळा पुढे गेले की आमच्याकडे तो जोकच झाला होता, शेवटी २०२३ ला झाले. त्या लुसोफोनीसाठी ताळगावला मोठं इनडोअर स्टेडियम बांधलं, तिथे २०२२ ला आमच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, प्रदर्शनं होतात, कॉन्सर्ट होतात. बॅडमिंटनपेक्षा भाषणं जास्त झाली असतील 😂 पण मडगावच्या फातोर्डा फुटबॉल स्टेडियमचं तसं नाही हा. ते १९८९ पासून आहे, सासष्टीचा माणूस फुटबॉल नसला तरी तिथे जाऊन बसेल, त्यामुळे २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आला, गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदान परत आमचं.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला गोव्यात, २०६ खेळाडू, जवळजवळ महिनाभर. त्याला काय लागलं? रिसॉर्टचा एक हॉल, टेबलं आणि एसी. एक वीट लावली नाही. असलं मागा, बैठकीत सांगा त्यांना.

आणि बार्सिलोनाचं म्हणशील तर त्याच बार्सिलोनात २०२४ च्या जुलैत लोक टूरिस्टांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारत होते, घरभाडी परवडत नाहीत म्हणून. आमच्या हणजूण-वागातोरला ये एकदा, मग सांग.

दोह्यातला_दापोलीकर:

सलाम सगळ्यांना. मी २०१४ पासून कतारला, एसी डक्टिंगचं काम. आमच्या बाजूच्या गावांतून घरटी एक माणूस आखातात आहे त्यामुळे इथल्या २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा पैसा कोकणात आला नाही असं कोणी म्हणू नका, आला, पण मॅचच्या आधी दहा वर्षं आला, आमच्या घामातून. माझ्या घराचा स्लॅब त्या पैशातला आहे.

२०० अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला म्हणतात, पण त्यात स्टेडियम थोडे, बाकी सगळं मेट्रो, रस्ते, बंदर, नवीन शहर. एक स्टेडियम तर कंटेनरचं होतं, स्टेडियम ९७४, सुटं करता येईल असं. आणि तुमच्या कामाचं सांगतो, एवढ्या श्रीमंत देशाने पण एका महिन्यासाठी सगळ्यांना पुरतील एवढी हॉटेलं बांधली नाहीत. बंदरात क्रूझ जहाजं उभी केली, आणि बरेच लोक दुबईला राहून सकाळच्या विमानाने मॅचला यायचे आणि रात्री परत. मॅचच्या आधी दोह्यात फ्लॅटची भाडी इतकी चढली की आमच्यातल्या फॅमिलीवाल्यांनी बायका-पोरांना गावी पाठवलं. कप संपला, भाडी खाली. ज्यांनी चढ्या भावात बिल्डिंग भाड्याने उचलून ठेवली होती ते मग फोन करून गिऱ्हाईक शोधत होते. आमची पण बरीच पोरं काम संपलं म्हणून परत गेली.

बँकेतला_काका_रत्नागिरी:

दापोलीकरांनी माझ्या पानभर लिहिण्याचं काम चार ओळीत केलं.

स्कूबावाल्या बाळा, मी नको म्हणणाऱ्यातला नाही. राउरकेलाचं तुझं बरोबर आहे आणि म्हणूनच तर सांगतोय, खेळ आधी, इमारत नंतर. ब्राझीलने २०१४ ला उलटं केलं, ॲमेझॉनच्या जंगलात मनाऊसला चाळीस हजारांचं स्टेडियम बांधलं, लोखंड पोर्तुगालहून जहाजाने आणलं, वर्ल्ड कपच्या मॅच झाल्या चार, आणि त्या गावाला पहिल्या डिव्हिजनची टीमच नाही. आता श्रीमंत देश पण शहाणे झालेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ ची कॉमनवेल्थ घेतली आणि खर्च फुगतोय म्हटल्यावर २०२३ ला सरळ नको म्हणाले, त्याची ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई दिली तरी त्यांना तेच स्वस्त वाटलं. मग ग्लासगोने घेतली ती दहाच खेळांची आणि आहेत त्या चार जागांवर. म्हणजे हल्ली आहे त्यात भागवायचं असं चाललंय, आणि तुमच्या गावातले दोघं पाया खणतायत.

मालवणला चिवला बीचवर दर वर्षी डिसेंबरात समुद्रातल्या पोहण्याची स्पर्धा होते ना? त्याला काय लागतं, समुद्र देवाने दिलाय. पोहणाऱ्या पोरासोबत आई, बाप, एखादा कोच येतो, दोन रात्री राहतो, पुढच्या वर्षी पोर मोठ्या गटात जातं म्हणून परत येतो. याची तुलना त्या पंधरा दिवसांशी करून बघा.

आचरेकर_होमस्टे:

सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलं म्हणून वही काढली. मला वाटत होतं आमच्या खोल्या सीझनला फुलच असतात, बायकोने सगळं लिहून ठेवलंय तारीखवार. मागच्या वर्षी चारही खोल्या मिळून २६१ रात्री. म्हणजे एका खोलीला पासष्ट. आणि मी नव्वद लागणाऱ्या अजून चार बांधायला निघालेलो. बाबांना आकडा सांगितला, ते काय बोलले नाहीत, नुसते वहीकडे बघून हसले, ते जास्त लागलं.

वहीत अजून एक दिसलं. मे महिन्यात नऊ जणांना नको म्हटलंय, आणि कारण खोली नाही असं नाहीच, विहिरीचं पाणी आटलं होतं आणि टँकर वेळेवर मिळेना म्हणून. आणि चिवल्याच्या स्पर्धेला आलेली दोन कुटुंबं, एक कोल्हापूरचं एक पुण्याचं, पुढच्या डिसेंबरसाठी दोन-दोन हजार ॲडव्हान्स टाकून गेलीत. ते मी कधी धरतच नव्हतो.

तर आता विचार असा की एसी खोल्या राहू देत, ६-७ लाखात पावसाच्या पाण्याची मोठी टाकी आणि दोन बाथरूम नीट करून घ्यायची. रविवारच्या बैठकीत म्हापशेकरांचं बुद्धिबळाचं पण सांगतो, आमच्या शाळेचा हॉल बरा आहे, निदान जिल्ह्याची स्पर्धा तरी मागू, त्याला कोणी जहाज आणणार नाही. स्कूबादादा तुमचा राग नाही ना, एकदा या जेवायला.

काका एक राहिलंच, टाकी जिथे बांधायची त्या जागेच्या सातबाऱ्यावर बाबांसोबत दोन चुलत्यांची नावं आहेत, दोघं मुंबईला. बँकेला त्यांची सही लागेल का?

बँकेतला_काका_रत्नागिरी:

लागेल. जागा समुद्रापासून किती आत आहे ते पण बघा, सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमाचं, आधी विचारून घ्या. आणि सहीसाठी फोन करू नका, फोनवर कोकणात कोणी सही दिलेली मी ३१ वर्षांत बघितली नाही. गणपतीत दोघं येतील, दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कागद काढा. त्या गाद्या मात्र यंदा न मागता द्या.